अंगारा कपाळाला, तीर्थ मात्र नको

वाचकांचे प्रश्न
उत्तरे : बालकर्करोग विभागातले डॉक्टर व परिचारिका

प्रश्न : माझ्या सहा वर्षांच्या मुलीला रक्ताचा कर्करोग (एएलएल) आहे. केमो सुरू होऊन तीन आठवडे झाले. सासूबाई मंगळवार-शुक्रवार न चुकता अंबाबाईचं तीर्थ आणि अंगारा आणतात. चैत्रात तिला जोतिबाला नेईन, असा नवसही बोलल्यात. डॉक्टर गर्दीत नेऊ नका म्हणतात. सासूबाईंचं मन मोडवत नाही. काय करू?
– एक आई, मंगळवार पेठ

उत्तर : सासूबाईंशी भांडण नको. त्या आणतात त्यातलं काय चालतं आणि काय नाही, एवढंच ठरवायचं.

आधी रक्ताचा रिपोर्ट वाचायला शिका. एकूण पांढऱ्या पेशींना न्यूट्रोफिलच्या (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींच्या) टक्क्यांनी गुणा आणि शंभरानं भागा. पेशी १२०० आणि न्यूट्रोफिल ३० टक्के असतील, तर आकडा येतो ३६०. तो ५०० च्या खाली असला की स्वतःच्या आतड्यातले, कातडीवरचे साधे जंतूसुद्धा लेकराला भारी पडतात. म्हणून न उकळलेल्या पाण्याचं तीर्थ, कच्च्या दुधाचं पंचामृत, उघड्यावरचे पेढे तोंडात घालू नका. तीर्थ पायाशी शिंपडलं तरी चालेल. अंगारा कपाळाला लावा, जिभेवर नको. तिच्या दंडात किंवा छातीत केमोची नळी असेल, तर तिथल्या पट्टीजवळ ना अंगारा ना हळद, आणि त्या हातात दोरा-गंडाही नको. हार-निर्माल्य तिच्या खोलीत ठेवू नका, फुलदाणीतल्या शिळ्या पाण्यात जंतू माजतात. देवीचा प्रसाद हवाच असेल तर घरी गूळ घालून शिरा करा, नैवेद्य दाखवा आणि गरम असतानाच तिला द्या.

यात्रेचं म्हणाल, तर चैत्र पौर्णिमेची गर्दी आणि गुलालाचा धुरळा या वर्षी तिच्यासाठी नाहीच. नवस मोडला असं सासूबाईंना वाटायला नको, म्हणून तिच्या नावानं बाबांनी खेटे घालावेत. सासूबाईंनी तिचा झबला देवाच्या पायाशी लावून आणावा, घरी आल्यावर तो गरम पाण्यानं धुवावा. उपचार संपले, डॉक्टरांनी राहिलेल्या लशी सुरू करायला सांगितलं, की मग तिला घेऊन डोंगर चढा, तोही रविवार सोडून.

एका बाबतीत मात्र तडजोड नाही. काखेत ताप १००.४ फॅरनहाइट आला, की रात्रीचे दोन वाजलेले असोत, दवाखान्याला फोन करून निघायचं. पोचल्यावर पहिल्या तासाभरात शिरेतून अँटिबायोटिक गेलं पाहिजे. ‘अंगारा लावून सकाळपर्यंत बघू’ यात मुलं दगावतात. विचारल्याशिवाय पॅरासिटामॉलही देऊ नका, ताप दबतो आणि आपण गाफील राहतो.

प्रश्न : नातू केमोला लागल्यापासून ओळखू येत नाही. रात्री उठून भाकरी मागतो, न मिळाली तर ताट फेकतो. तोंड सुजलंय. आता पाय ओढत चालतो. भावकीतले म्हणतात, ही करणी आहे, देवर्षीकडे (मांत्रिकाकडे) न्या. न्यावं का?
– एक आज्जी, कागल

उत्तर : आज्जी, तुम्ही सांगितलेल्या प्रत्येक गोष्टीमागे औषध आहे. भूक, चिडचिड, रडणं, गोल सुजलेलं तोंड हे स्टेरॉइडमुळे होतं. तो डोस थांबल्यावर वागणं साधारण एक-दोन आठवड्यांत निवळतं. तोंडाची सूज उतरायला त्याहून थोडा जास्त वेळ लागतो. तोवर रात्रीसाठी भाकरी आणि आमटी झाकून ठेवा, मीठ-साखर बेताची. पाय ओढणं, जबडा दुखणं, शौचाला न होणं हे बहुधा व्हिंक्रिस्टिन या इंजेक्शनमुळे, कारण ते नसांना त्रास देतं. पुढचा डोस देण्याआधी हे डॉक्टरांना कळलंच पाहिजे. तीन दिवस शौचाला झालं नाही तर एनिमा घरी देऊ नका, फोन करा.

देवर्षीकडची धुरी, लिंबाच्या डहाळ्यांचे फटके आणि राखेची पुडी ही तिन्ही घातक आहेत. प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या पेशी) कमी असताना साध्या फटक्यानं आत रक्तस्राव होऊ शकतो. पुडीत काय आहे ते देणाऱ्यालाही सांगता येत नाही. काही चूर्णांत शिसं आणि पारा सापडलेला आहे. अशा पुडीनं यकृताचे आकडे चढले तर डॉक्टरांना वाटतं केमोनं चढले, आणि ते खऱ्या औषधाचा डोस कमी करतात. काही दिलं गेलं असेलच तर पुडीसकट दाखवा. कोणी रागावणार नाही. रागावलं तरी दाखवा.

प्रश्न : महिन्याभरानंतरच्या तपासणीत ‘आजार दिसत नाही’ असं आलं. घरी सगळे म्हणतात, देवानं हाक ऐकली, आता एवढी विषारी औषधं कशाला?
– एक वडील, इचलकरंजी

उत्तर : हाक ऐकली, असं खुशाल म्हणा. पण ‘दिसत नाही’ म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली दिसत नाही. त्या वेळी अंगात कोट्यवधी पेशी दडून असू शकतात, म्हणूनच पूर्ण उपचार दोन ते अडीच वर्षं चालतात. अर्धवट सोडले तर आजार उलटतो, आणि उलटलेला आवरणं फार अवघड. शेवटच्या टप्प्यात घरी गोळ्या असतात : मर्कॅप्टोप्युरिन रोज, मेथोट्रेक्सेट आठवड्यातून फक्त एकदा. दुसरी चुकून रोज दिली तर जिवावर बेतते. रविवार जोतिबाचा, म्हणून अनेक घरांत तोच वार धरता येतो. दवाखान्याला विचारून तुम्हीही धरा आणि कॅलेंडरवर पूजेनंतर खूण करा. मर्कॅप्टोप्युरिनच्या शंभरातल्या पाचापेक्षा जास्त गोळ्या चुकल्या तर आजार उलटण्याचा धोका बराच वाढतो. मुलाला उपवास नको, अगदी एकादशीलाही. करायचा तर मोठ्यांनी करावा. पण रात्र जागणाऱ्या आईनं निर्जळी धरू नये.

पैशांची ओढाताण असेल, तर महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला आधी भेटा, नवसाच्या खर्चाचं नंतर बघू.

प्रश्न : मुलगा विचारतो, ‘देव माझ्यावर रागावलाय का?’ काय सांगू?
– गारगोटी

उत्तर : ‘नाही. रक्त तयार होताना एक पेशी चुकली आणि तिच्यासारख्याच पुष्कळ झाल्या. तू काही केलं नाहीस, आईनंही नाही.’ एवढं पुरतं. ‘कुलाचार चुकला’ ही चर्चा त्याच्यासमोर होऊ देऊ नका. मुलं झोपल्यासारखी दिसली तरी ऐकत असतात. धाकटी बहीण असेल तर तिलाही सांगा, हा आजार लागत नाही. तिला सर्दी किंवा कांजिण्या झाल्या तर मात्र तिला वेगळं ठेवायचं, आणि कांजिण्यांची गोष्ट त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायची.