पाऊस पडला की गायगर काउंटरचा आकडा का वाढतो?

घराबाहेर ठेवलेला तुमचा गायगर काउंटर, म्हणजे किरणोत्सर्ग मोजणारं यंत्र, एरवी तासाला ०.१२ मायक्रोसिव्हर्ट (शरीराला मिळणाऱ्या किरणोत्सर्गाचं माप) दाखवतो, जोराच्या पावसात ०.२० वर जातो. कुठे किरणोत्सर्गाची गळती झाली असेल का, असं तुम्ही विचारलंय. आकडा पावसाबरोबर चढून, पाऊस थांबल्यावर दोन-तीन तासांत उतरत असेल, तर ती गळती नव्हे. तो रेडॉनचा परिणाम आहे.

जमिनीतल्या युरेनियमच्या क्षयाच्या साखळीतून रेडॉन वायू सतत झिरपत असतो. हवेत त्याचा क्षय होऊन शिसे-२१४ आणि बिस्मथ-२१४ हे किरणोत्सर्गी अणू तयार होतात आणि धुळीच्या कणांना चिकटतात. पाऊस ते सगळं खाली आणतो. त्यांची अर्धायुष्यं (निम्मे अणू क्षय पावायला लागणारा वेळ) साधारण २७ आणि २० मिनिटांची, म्हणून आकडा इतक्या लवकर खाली येतो. नंतर तो नेहमीपेक्षा किंचित कमीही दिसेल, कारण ओली माती खालून येणारे गॅमा किरण थोडे अडवते.

हे स्वतः तपासून बघाच, मला तर दर वेळी तितकाच आनंद होतो. भर पावसात गाडीच्या टपावरचं पाणी टिश्यू पेपरने टिपा, पेपर पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून काउंटरच्या नळीला अगदी लागून ठेवा आणि दर पाच मिनिटांचे काउंट (यंत्राने टिपलेल्या किरणांची संख्या) लिहीत जा. अर्ध्या-पाऊण तासात वाढीव काउंट निम्म्यावर येतात.

डोसचं म्हणाल, तर ०.०८ ची वाढ तीन तास टिकली तरी होतात ०.२४ मायक्रोसिव्हर्ट. जगातल्या सरासरी माणसाला निसर्गातून वर्षाला २.४ मिलिसिव्हर्ट मिळतात, म्हणजे तासाला साधारण ०.२७ मायक्रोसिव्हर्ट. तेव्हा घाबरू नका.

फक्त मिनिटाभराच्या आकड्यावर विसंबू नका. छोट्या नळीत मिनिटाला वीसेक काउंट येतात आणि त्यात चार-पाचांचा चढउतार निव्वळ योगायोगाने होतो. दहा मिनिटांची सरासरी घ्या. यंत्र मोकळ्या जागी, जमिनीपासून एक मीटरवर, भिंतींपासून लांब ठेवा. विटा आणि ग्रॅनाइटमध्येही पोटॅशियम, थोरियम असतंच. शेजारी पावसाची वेळ लिहा. वारा पडलेल्या रात्री रेडॉन जमिनीलगत साचतो, त्यामुळे पहाटेही थोडा चढ दिसेल.

पाऊस नसताना आकडा दुपटीवर जाऊन दिवसभर तिथेच राहिला, तर आधी बॅटरी तपासा, मग जवळच्या सरकारी निरीक्षण केंद्राच्या नोंदीशी ताडून बघा.