विचारा, सांगतो : केनेडीचं अनेकवचन

गेल्या अंकात मी सहज दोन ओळी लिहिल्या होत्या, की रोलिंग स्टोन्स या इंग्लिश बँडनं एका गाण्यातला एक शब्द रेकॉर्डिंग चालू असतानाच बदलला कारण तिकडं अमेरिकेत खून पडला. झालं! एवढे मेसेज आले की 'कुठला हेडफोन घेऊ' या विषयावर सुद्धा कधी आले नव्हते. म्हणून या वेळी हेडफोन, स्पीकर सगळं बाजूला, फक्त हाच विषय. पत्रं थोडी कापलीत, राग मानू नका.

काका, तो किस्सा खरा आहे का नेटवरची थाप? आणि एका अक्षरानं असा काय मोठा फरक पडतो?
— इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, विश्रामबाग, सांगली

खरा आहे बाळा. १९६८ चा जून, लंडनचा ऑलिम्पिक स्टुडिओ, गाणं 'सिंपथी फॉर द डेव्हिल'. त्याच वेळी गोदार हा फ्रेंच दिग्दर्शक तिथं कॅमेरा लावून बसला होता, त्यामुळं ते गाणं आधी कसं संथ होतं आणि मग त्यात सांबाचा ठेका कसा घुसला ते सगळं फिल्मवर आहे (शूटिंगच्या लाइटनं स्टुडिओला आग पण लागली होती, ते एक वेगळंच). गाण्यात सैतान स्वतःची ओळख करून देतोय, येशूच्या वेळी मी होतो, रशियाच्या झारच्या वेळी मी होतो, असं करत करत तो १९६३ ला डलासमध्ये मारलेल्या अमेरिकेच्या अध्यक्षावर, जॉन केनेडीवर येतो आणि त्याला कोणी मारलं असं विचारतो. लिहिताना केनेडी एकच होता. आणि रेकॉर्डिंग चालू असताना, ५ जूनला लॉस एंजेलिसच्या एका हॉटेलच्या किचनमध्ये त्याचा धाकटा भाऊ रॉबर्ट याला गोळ्या घातल्या, दुसऱ्या दिवशी तो गेला. स्टोन्सचा गायक जॅगर, त्यानं केनेडीच्या शेवटी एक 'एस' लावला. बास, एवढंच.

आता फरक काय? एकवचन असताना तो इतिहासातला एक प्रश्न होता. अनेकवचन झाल्यावर ती परवाची बातमी झाली, ऐकणाऱ्याच्या घरात त्या दिवशीचा पेपर अजून टेबलावर पडलाय असं. गंमत बघा, आपल्याकडं मोठ्या माणसाला आदरार्थी अनेकवचनच लावतात, त्यामुळं हे गाणं मराठीत असतं तर पहिल्यापासून 'केनेडींना कोणी मारलं' असंच असतं आणि बदल कुणाला कळलाच नसता. एका अक्षराची ताकद आपल्याला नवी नाही म्हणा, 'ध' चा 'मा' ऐकत आपण मोठे झालो. फक्त आपल्या गोष्टीत अक्षर बदललं म्हणून खून झाला, आणि तिथं खून झाला म्हणून अक्षर बदललं.

आणि एक. सैतान नुसतं विचारून थांबत नाही, केनेडींना कोणी मारलं याचं उत्तर पण देतो, तुम्ही आणि मी. खुनासाठी पकडलेला ऑस्वाल्ड नाही, माफिया नाही, सीआयए नाही. याच्यावर परत येतो खाली.

डेव्हिड क्रॉस्बीनं स्टेजवरून केनेडी खुनाचं सत्य सांगितलं म्हणून त्याला बर्ड्समधून हाकललं, असं एका व्हिडिओत ऐकलं. खरं काय? आणि तो बरोबर होता का?
— निवृत्त शिक्षक, कराड

गुरुजी, यात तीन गोष्टी एकात एक अडकल्यात, सोडवून बघू.

जून १९६७, कॅलिफोर्नियातला माँटेरे पॉप फेस्टिव्हल. बर्ड्स हा अमेरिकन बँड स्टेजवर, क्रॉस्बी त्यातलाच एक. पुढचं गाणं होतं 'ही वॉज अ फ्रेंड ऑफ माइन'. हे मूळचं जुनं लोकगीत, मित्र गेल्याचं दुःख. बँडच्या मॅग्विननं त्याचे शब्द बदलून ते केनेडीवर केलं आणि १९६५ च्या अल्बममध्ये घातलं. अख्ख्या गाण्यात केनेडीचं नाव नाही. डलास गाव आहे, मी त्याला कधी भेटलो नाही पण ओळखत होतो असं आहे, आणि सहाव्या मजल्याच्या खिडकीतून एकानं गोळी घातली असं आहे. हे लक्षात ठेवा.

तर गाणं चालू व्हायच्या आधी क्रॉस्बी माइकवर सांगतो की केनेडीला एका माणसानं मारलेलं नाही, वेगवेगळ्या दिशांनी वेगवेगळ्या बंदुकांतून गोळ्या आल्या, ते दाबून टाकलं, साक्षीदार मारले. आणि मग बँड जे गाणं म्हणतो त्यात काय, तर एक माणूस, एक खिडकी, सहावा मजला! म्हणजे प्रस्तावना एक आणि गाणं त्याच्या बरोब्बर उलटं, आणि दोन्ही त्याच माइकवरून. मी ते रेकॉर्डिंग पहिल्यांदा एका मित्रानं भरून दिलेल्या कॅसेटवर ऐकलं, २०१९ च्या पुरात ती कॅसेट चिखलात गेली, धुऊन टेप दोरीवर वाळत घातली, पेन्सिलीनं परत गुंडाळली, तर नेमकं ते भाषण शाबूत आणि गाण्याचा आवाज पाण्यात बुडाल्यासारखा. नशीब बघा.

मॅग्विन वगैरे लोक वैतागले हे खरं. पण हाकललं ते ऑक्टोबर १९६७ ला, चार महिन्यांनी, आणि कारणं ढीगभर होती. कुठलं गाणं अल्बमवर घ्यायचं यावरून भांडणं, त्याचा ताठा, त्याच फेस्टिव्हलला दुसऱ्याच दिवशी तो बफेलो स्प्रिंगफील्ड या दुसऱ्या बँडबरोबर वाजवायला उभा राहिला ते. भाषण हे त्या ढिगातलं एक लाकूड. 'सत्य सांगितलं म्हणून काढलं' ही व्हिडिओवाल्यांची फोडणी आहे.

बरोबर होता का? तेव्हा सरकारी उत्तर होतं वॉरन आयोगाचं, १९६४ चं, की ऑस्वाल्ड एकटा, तीन गोळ्या, सहाव्या मजल्यावरून. बऱ्याच लोकांना ते पटत नव्हतं आणि क्रॉस्बी त्यातला एक. मग १९७९ ला संसदेच्या समितीनं म्हटलं की मारणाऱ्या गोळ्या ऑस्वाल्डच्याच, पण बहुधा कट होता, चौथी गोळी दुसऱ्या कोणीतरी झाडली. कशावरून? पोलिसांच्या वायरलेसवर रेकॉर्ड झालेल्या आवाजावरून. आणि १९८२ ला शास्त्रज्ञांच्या समितीनं तो आवाज तपासून सांगितलं की हे ठोके खून झाल्यावर मिनिटभरानं आलेत, गोळ्यांचे नाहीतच. म्हणजे क्रॉस्बीला तीन वर्षं अर्धवट सरकारी पाठिंबा होता असं म्हणा पाहिजे तर!

मागं आयर्विन पुलाजवळच्या टपरीवर आम्ही तिघं मोबाइलवर झाप्रुडरची ती फिल्म बघत होतो. लेडीज कपड्यांचा धंदा करणारा माणूस, हौसेनं ८ एमएमचा कॅमेरा घेऊन मिरवणूक बघायला आला आणि २६ सेकंदात शतकातला सगळ्यात जास्त बघितला गेलेला खून टिपून गेला. चहावाला मान वाकवून बघत होता, म्हणाला, "आवाज का नाय ओ याला?" मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि थांबलो, कारण सगळं भांडणच तिथं आहे. फिल्म आहे तिला आवाज नाही, आणि आवाज होता त्याला चित्र नाही. साठ वर्षं लोक ह्याला ते जोडायला बघतात. आणि ही फिल्म अमेरिकेत टीव्हीवर सगळ्यांना दिसली १९७५ ला. क्रॉस्बी बोलला तेव्हा समोरच्या पोरांनी ती हलताना बघितलेलीच नव्हती, मासिकात छापलेले फोटो तेवढे बघितलेले.

माझं मत विचारलं तर, मला मॅग्विनचं गाणं अजून ऐकवतं आणि क्रॉस्बीचं भाषण आता फक्त कुतूहल म्हणून. भाषण चुकीचं ठरायला एक अहवाल पुरतो. गाण्यातलं दुःख कुठल्या समितीनं खोटं ठरवायचं? आपल्याकडं पण तेच झालंय. ३० ऑगस्ट १७७३ ला नारायणराव पेशव्यांचा खून झाला, चौकशी केली रामशास्त्री प्रभुण्यांनी, आपल्या साताऱ्याजवळच्या माहुलीचे, आणि दोषी धरलं राघोबादादांना. पण रस्त्यावर कुणालाही विचारा, त्याला आनंदीबाई आणि 'ध' चा 'मा' सांगता येईल, निकाल नाही सांगता येणार. इतिहासवाले त्या पत्राच्या गोष्टीवर अजून भांडतात, भाषेनं मात्र कधीच ती वाक्प्रचारात टाकून दिली.

बॉब डिलनचं 'मर्डर मोस्ट फाउल' तुम्ही ग्रेट म्हणता. मी तीनदा प्रयत्न केला, तीनदा झोपलो. ही नुसती यादी नाही का?
— वाचक, इस्लामपूर

झोपलात ते ठीक आहे, मी पण पहिल्यांदा अर्ध्यात उठून चहा टाकला होता. जवळजवळ १७ मिनिटं, म्हणजे साठच्या कॅसेटची निम्म्याहून जास्त बाजू एका गाण्यानं खाल्ली असती. २७ मार्च २०२० ला आलं, आपला लॉकडाऊन लागून दोन दिवस झालेले, आणि इस्लामपूरच्या बातम्या तेव्हा काय होत्या ते तुम्हाला मी सांगायला नको. त्या शांततेत एक म्हातारा आवाज, पियानो, व्हायोलिन, ठेका जवळजवळ नाहीच.

पहिल्या भागात केनेडीच्या खुनाचं वर्णन, अगदी निर्दय. मग तो रेडिओवरच्या निवेदकाला फर्माईश करत सुटतो, हे लाव, ते लाव. तुम्ही म्हणता तशी यादीच. पण कीर्तनाला बसलात ना कधी? आख्यान संपल्यावर जो गजर चालतो तेव्हा बुवा नवीन काही सांगत नसतात, नुसती नावं घेतात, आणि माणसं तिथंच जास्त हलतात. डिलननं मढं घरात असताना गाण्यांची नामावळी लावलीय, असं धरून एकदा ऐका. रात्री, पण आडवं पडून नको.

आणि मागची गोष्ट माहीत असेल तर अजून वेगळं लागतं. खून झाला त्याच्या तीन आठवड्यांनी, डिसेंबर १९६३ ला, २२ वर्षांचा डिलन न्यूयॉर्कमध्ये एक पुरस्कार घ्यायला गेला आणि बोलता बोलता म्हणून बसला की त्या ऑस्वाल्डमध्ये मला माझं काहीतरी दिसतं. लोकांनी हुर्यो उडवली. तो पोरगा ५६ वर्षांनी या विषयावर परत येतो आणि स्वतःचं मत एका ओळीत सुद्धा सांगत नाही, गाणी लावायला सांगतो. (अमेरिकेत कुठलं गाणं किती चालतंय ते सांगणाऱ्या बिलबोर्डच्या कुठल्याही यादीत डिलन स्वतः गायलेलं पहिल्या नंबरला गेलेलं हे पहिलं गाणं. १७ मिनिटांचं!)

बीटल्सचा अल्बम आणि केनेडी खून एकाच दिवशी, यात काही कनेक्शन?
— वाचक, सदर बझार, सातारा

'विथ द बीटल्स' इंग्लंडमध्ये २२ नोव्हेंबर १९६३ लाच आला हे खरं. शुक्रवार होता. कनेक्शन शून्य.

गाण्यात इतिहास चुकला तर चालतो का?
— शिक्षिका, वाई

नाही चालत हो, पण होतं. यू टू या बँडच्या 'प्राइड' मध्ये मार्टिन ल्यूथर किंगला ४ एप्रिलला पहाटे मारल्यासारखं आहे. प्रत्यक्षात मेम्फिसच्या मोटेलच्या बाल्कनीत संध्याकाळी सहा वाजून गेल्यावर गोळी लागली. त्यांचा गायक बोनो नंतर कार्यक्रमात ओळ दुरुस्त करून म्हणायला लागला. चूक कबूल करायची ही पद्धत मला आवडली, रेकॉर्ड मात्र तसंच फिरतंय.

काका, आम्ही चार मित्र गाणी करतो. दाभोलकर सरांवर करायचंय. नाव घ्यावं का? मारणाऱ्यांबद्दल लिहावं का? धाडस होतंय पण जमत नाहीये.
— वाचक, सातारा

हे पत्र मी सगळ्यात शेवटी ठेवलं, आणि दोन दिवस उत्तर लिहिलंच नाही.

साताऱ्यात तुम्हाला डॉक्टर माहीत आहेत ते कबड्डी खेळलेला माणूस म्हणून, 'परिवर्तन' मध्ये व्यसनी पोरांना बाहेर काढणारे म्हणून. २० ऑगस्ट २०१३, सकाळी पुण्यात पुलावर फिरायला गेलेले. खटल्याचा निकाल लागायला १० मे २०२४ उजाडलं, दोघांना जन्मठेप, तिघं सुटले. यातलं काहीही गाण्यात घालायचं तर तारीख, वेळ, आकडा नीट घाला, वरच्या शिक्षिका बाईंचा प्रश्न वाचलाच असेल.

नावाचं म्हणाल तर दोन्ही वाटा चालल्यात. मॅग्विननं नाव घेतलंच नाही. १९६८ ला डियॉननं गायलेल्या 'अब्राहम, मार्टिन अँड जॉन' मध्ये नुसती पहिली नावं आहेत, गल्लीतल्या पोरांना हाका मारल्यासारखी, आणि शेवटच्या कडव्यात येणारा बॉबी, म्हणजे रॉबर्ट केनेडी, शीर्षकात नाही. मारणाऱ्याच्या तोंडून लिहायचं तर पीटर गॅब्रिएलचं १९८० चं 'फॅमिली स्नॅपशॉट' ऐका, जॉर्ज वॉलेस या अमेरिकन पुढाऱ्यावर गोळ्या झाडणाऱ्याच्या डायरीवरून सुचलेलं. गाणं संपता संपता खुनी उरतच नाही, खेळण्यातली बंदूक घेतलेलं, आईबापाची वाट बघणारं एक पोर उरतं. अवघड काम आहे आणि पहिल्याच गाण्यात करू नका असं मी म्हणेन, कारण आपल्याकडं जखम अजून ओली आहे आणि खुन्याला आतून दाखवणं आणि त्याची बाजू घेणं यातली रेघ फार बारीक.

पण तुमच्या हातात एक गोष्ट आहे जी स्टोन्सकडं नव्हती. सैतान म्हणतो केनेडींना मारलं तुम्ही आणि मी. म्हणजे सगळ्यांना खुनाच्या बाजूला उभं केलं. आणि आपल्याकडं खून झाल्यावर मोर्च्यात घोषणा काय आली? 'आम्ही सारे दाभोलकर'. सगळे गेलेल्या माणसाच्या बाजूला. दोन्हीकडं अनेकवचनच, पण तोंड उलट दिशेला. कार्यकर्त्यांनी ती घोषणा घेऊन रिंगणनाट्यं केली, गावोगाव केली. तिला तुम्ही धृपद करू नका, ती लोकांची झालीय, उसनी वाटेल. तिच्या शेजारी बसेल असं काहीतरी शोधा. एखादी बारकी गोष्ट, व्यसन सुटलेल्या माणसाच्या बायकोनं सांगितलेली, कबड्डीच्या मैदानावरची, जी पेपरात आली नाही.

चाल बसली की पाठवा, मी ऐकतो. सतरा मिनिटांची असेल तर आधी फोन करा.