पोरांनी मैदानात शिवी दिली तर रेफ्रीनं काय करावं?

तुम्ही विचारलंय की, 14 वर्षांखालच्या फुटबॉल सामन्यात पोरं सर्रास शिव्या देतात, तर नव्या रेफ्रीनं प्रत्येक वेळी कार्ड काढावं की कानाडोळा करावा? कोल्हापुरात मी बरीच वर्षं शाळांचे आणि पेठेतल्या लहान पोरांचे सामने घेतोय. माझं सांगणं एवढंच, की शब्द कुठला यापेक्षा तो कुणाला उद्देशून होता हे आधी बघा.

फुटबॉलच्या नियमपुस्तकातल्या नियम 12 प्रमाणे अपमानकारक किंवा शिवीगाळीची भाषा वापरली तर थेट लाल कार्ड, आणि निर्णयावर हुज्जत घातली तर पिवळं. पण कुठला शब्द शिवी धरायचा याची यादी पुस्तकात नाही, ते तुम्हालाच ठरवायचं असतं. आणि आपल्याकडं दोस्ताला हाक मारतानाही अर्धी शिवी सोबत येते. इथल्या शाहू स्टेडियमवर पाटाकडील, दिलबहार, खंडोबा या तालमींच्या टीमचे सामने बघत वाढलेल्या पोराच्या कानावर जे पडतं, तेच तोंडात येतं.

सुरुवातीच्या काळात माझ्याकडून एक चूक झाली. एका पोरानं मोकळा गोल चुकवला. बॉल पोस्टला लागून बाहेर गेला, तसा तो गुडघ्यावर बसला आणि स्वतःवरच चिडून आईवरची शिवी ओरडला. मी दोन पावलांवर होतो, सरळ लाल कार्ड काढलं. पोरगं गोलच्या मागं जाऊन बूट काढत बसलं. लेसची गाठ सुटत नव्हती, हात थरथरत होते. आपण कुणाला शिवी दिली हेच त्याला कळलं नव्हतं, आणि खरंच त्यानं कुणालाच दिली नव्हती. ते कार्ड मला आजही सलतं.

याच्या उलट एकदा एक पोरगा कॉर्नरच्या वेळी समोरच्या गोलीजवळ गेला आणि हळू आवाजात, हसत, त्याच्या जातीवरून बोलला. निम्म्या टीमला ऐकूही गेलं नाही. गोलीनं मान खाली घातली. तिथं मी क्षणभरही थांबलो नाही. कोच म्हणाले, "सर, पोरगं हाय, सोडा की." नाही सोडलं.

त्यामुळं आता टॉसच्या वेळी दोन्ही कॅप्टनना आणि कोचना सांगतो, "स्वतःवर चिडून तोंडातनं गेलं तर एकदा समज देईन. कुणाच्या आईबहिणीवर, जातीवर, रंगावर गेलं तर बाहेर." समज द्यायची ती खेळ थांबलेला असताना, कॅप्टनला सोबत घेऊन, हळू आवाजात द्या. चारचौघांत ओरडलात तर पोरगं तुमचं ऐकण्याऐवजी मित्रांकडं बघत राहतं. शिवीसाठीच खेळ थांबवला असेल तर समोरच्या टीमला इनडायरेक्ट फ्री किक (जिच्यावरून थेट गोल धरत नाहीत) द्यायची, हे नवीन रेफ्री हमखास विसरतात.

आणखी एक सोय आहे. लहान मुलांच्या सामन्यात पिवळ्या कार्डाच्या गुन्ह्यासाठी खेळाडूला थोडा वेळ बाहेर बसवायला नियम परवानगी देतात, एकूण वेळेच्या 10 ते 15 टक्के. म्हणजे 25-25 मिनिटांच्या सामन्यात पाच ते साडेसात मिनिटं. पण स्पर्धेच्या नियमांत हे आधीच घातलेलं असेल तरच, म्हणून आयोजकांना अगोदर विचारा. या वयाला मला हे फार पटतं. पोरगं शांत होतं आणि परत खेळतंही.

लाल कार्ड दिलंच तर रिपोर्टमध्ये नुसतं 'गैरवर्तन' लिहू नका. नेमका शब्द लिहा, तो कुणाला म्हटला हेही लिहा. नाहीतर गोल चुकवून स्वतःवर चिडलेला आणि जातीवर गेलेला, दोघांना कमिटीकडून सारखीच शिक्षा व्हायची.

कोचच शिव्या देत असेल तर त्यालाही कार्ड दाखवता येतं, 2019 पासून तसा नियमच आहे. पालकांना कार्ड नाही, पण सामना थांबवून आयोजकांना बोलावता येतं. मी दोनदा थांबवलाय. दोन्ही वेळा कट्ट्यावरची माणसं गप्प झाली, आणि पाच मिनिटांत पोरंही निवळली.