'ही हॅज गॉन टू पन्हाळा' आणि 'ही हॅज बीन टू पन्हाळा' यात फरक काय?

'गॉन' म्हणजे गेलाय, अजून परतलेला नाही. वाटेत असेल, नाहीतर गडावर झुणका-भाकर हाणत बसला असेल. 'बीन' म्हणजे जाऊन आलाय. त्यामुळं रंकाळ्यावर उभं राहून मित्राला 'आय हॅव गॉन टू पन्हाळा' सांगू नका भावा, तिथं 'बीन'च पाहिजे. 'काल' किंवा '२०१९ मध्ये' अशी ठरावीक वेळ सांगायची असेल तर दोन्ही सोडा, साधं 'आय वेंट' म्हणा. 'हॅज वेंट' मात्र कधीच नाही, कितीही जणांच्या तोंडी ऐकलं तरी. 'वेंट' हे मुळात 'वेंड' या जुन्या क्रियापदाचं भूतकाळी रूप, 'गो'नं उसनं घेतलेलं. म्हणूनच दोघांच्या स्पेलिंगात काडीचं साम्य नाही.