‘पथकातून त्याचं नाव काढून घेऊ का?’

मी समुपदेशक आहे; गणपती जवळ आले की आया हा प्रश्न घेऊन माझ्याकडे येतातच. मुलगा ढोल-ताशा पथकात जातो, सरावानंतर मोठी मुलं पितात असं कानावर आलेलं असतं.

सोळा वर्षांच्या एका मुलाची आई अशीच आली होती. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) सराव संपल्यावर नदीपात्रात एका दादाने त्याच्या हातात बिअरचा ग्लास दिला. दोन घोट घेतले आणि घरी येऊन त्याने आईला सांगितलं. त्याने सांगितलं, हे मला फार मोलाचं वाटलं.

मुलाशी वेगळं बोलले. “सगळेच घेतात. नको म्हटलं तर मागच्या रांगेत टाकतील.” चव आवडली नव्हतीच, धास्ती होती ती मागच्या रांगेची. अशा मुलाला पथकातून काढलं की चांगले मित्रही सुटतात आणि पुढच्या वेळी तो घरी काही बोलत नाही. म्हणून आईला थांबवलं आणि पथकप्रमुखांना भेटले.

ते म्हणाले, “व्याख्यान द्या.” मी नको म्हटलं. या वयात यकृताच्या चित्रांपेक्षा दोन-तीन वर्षांनी मोठ्या दादा-ताईचं वागणं जास्त भिडतं. मग पथकातलेच एक दादा आणि एक ताई निवडले: स्वतः न पिणारे, पण ज्यांच्या भोवती पोरं जमतात असे. इथे निवड चुकली तर सगळं उलटतं.

मी त्या दोघांची तयारी करून घेतली. त्यांनी मध्यंतरात निनावी चिठ्ठ्या वाटल्या. तुम्ही दारू घेता का? आणि पथकात किती जण घेत असतील? चिठ्ठ्या तिथेच मोठ्याने वाचल्या. बहुतेकांनी ‘नाही’ लिहिलं होतं, आणि त्यांनाच वाटत होतं की निम्म्याहून जास्त पितात! सगळे एकमेकांकडे बघत राहिले. मग ग्लास पुढे आला तर काय बोलायचं याची तालीम झाली. “उद्या ठोका चुकला तर बोलणी तू खाणार का?” हे उत्तर सगळ्यांनी उचललं. कोणी पिऊन पडला आणि उठत नसेल, तर कुशीवर वळवायचं, एकटं सोडायचं नाही, १०८ ला फोन करायचा, हेही शिकवलं.

पाजणाऱ्यांना आवरणं मात्र प्रमुखांचं काम. महाराष्ट्रात बिअरलाही वयाची अट २१ आहे. बाल न्याय कायदा, २०१५ च्या कलम ७७ नुसार अठरा वर्षांखालच्या मुलाला दारू देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. हे त्यांनी मोठ्या वादकांना स्पष्ट सांगितलं.

मायलेकांचंही ठरलं: “आजी कशी आहे?” असा मेसेज आला की आईने फोन करून घरी बोलवायचं, त्या रात्री एकही प्रश्न विचारायचा नाही. विसर्जनाच्या रात्री तो मेसेज आला आणि आईने शब्द पाळला.

मूल एकटंच पिऊ लागलं किंवा झोपेसाठी पीत असेल, तर मित्रांवर विसंबू नका. समुपदेशकाकडे या, किंवा व्यसनमुक्तीच्या १४४४६ या मोफत राष्ट्रीय हेल्पलाइनवर बोला.