‘यजमान’ म्हणजे नवराच का?

कोथरूडच्या एका वाचक भगिनींनी विचारले आहे : ‘सदनिका माझ्या नावावर आहे, कर्जाचे हप्तेही मीच फेडते. तरी दुरुस्तीसाठी आलेला माणूस दारात उभा राहून “यजमान आहेत का घरात?” असेच विचारतो. मुळात या शब्दाचा अर्थ नवरा असाच आहे का? बायकोसाठी त्याच तोलाचा शब्द मराठीत कोणता? आणि “मीच यजमान” असे मी उत्तर दिले, तर ते व्याकरणदृष्ट्या चुकेल का?’

मुळात या शब्दाचा विवाहाशी काहीही संबंध नाही. संस्कृतातील ‘यज्’ (यज्ञ करणे) हा धातू उभयपदी आहे, म्हणजे त्याला परस्मैपद (‘-ति’) आणि आत्मनेपद (‘-ते’) असे दोन्ही प्रकारचे प्रत्यय लागतात. पुरोहित दुसऱ्यासाठी यज्ञ करतो तेव्हा ‘यजति’, आणि ज्याला यज्ञाचे फळ मिळायचे आहे तो करतो तेव्हा ‘यजते’. क्रियेचे फळ कर्त्याकडे जात असेल तर अशा धातूंना आत्मनेपदाचे प्रत्यय लागतात, असा पाणिनीचा नियम आहे, आणि ‘यजमान’ हे त्या आत्मनेपदाचेच वर्तमानकाळवाचक धातुसाधित आहे. मंत्र ऋत्विजांनी, म्हणजे यज्ञ करणाऱ्या पुरोहितांनी म्हणायचे, आहुत्या त्यांनी द्यायच्या, विधीत चूक होणार नाही याची काळजी त्यांनी वाहायची आणि पुण्य मात्र ज्याने खर्च केला व दक्षिणा दिली त्याच्या पदरी पडायचे, ही सगळी वाटणी त्या एका प्रत्ययात सामावलेली आहे. कष्ट एकाचे आणि फळ दुसऱ्याचे असा अर्थ पोटात घेऊन आलेला हा शब्द पुढे घरातल्या पुरुषाला इतका चपखल का बसला असावा, याचे उत्तर मला कोशापेक्षा या प्रत्ययातच अधिक सापडते. अर्थात ही माझी गंमत आहे, व्युत्पत्ती नव्हे.

यज्ञ मागे पडले, पण खर्च करणारा माणूस राहिला. उपाध्यायाच्या दृष्टीने तो आश्रयदाता झाला (हिंदीतला ‘जजमान’ तो हाच), पाहुण्यांच्या दृष्टीने आदरातिथ्य करणारा झाला, आश्रितांच्या आणि नोकरांच्या दृष्टीने घरचा धनी झाला, आणि घरचा धनी पुरुषच असणार हे गृहीत असल्यामुळे घरातील स्त्रीच्या तोंडी त्याचा अर्थ नवरा असा स्थिरावला. अन्य ठिकाणी मात्र जुना अर्थ शाबूत आहे. 2008 साली युवा राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धांचे यजमानपद पुण्याकडे होते असे आपण लिहितो, तेव्हा कोणाच्याही मनात नवरा येत नाही.

दोन्ही अर्थ एकाच वेळी पाहायचे असतील, तर सदाशिव पेठेत काय किंवा नव्या सोसायटीच्या अठराव्या मजल्यावर काय, एखाद्या सत्यनारायणाला जाऊन बसावे. ‘यजमानांनी आचमन करावे’ असे गुरुजी सांगतात, आणि संकल्प सोडण्याची वेळ आली की म्हणतात, ‘वहिनी, तुम्ही यजमानांच्या हाताला हात लावा.’ सकाळपासून रवा भाजून प्रसादाचा शिरा जिने केला, चौरंगापासून केळीच्या खांबांपर्यंतची सगळी तयारी जिने केली, तिचा पूजेतील अधिकृत सहभाग हात लावण्यापुरता असतो. यालाही व्याकरणात आधार आहे. ‘पत्युर्नो यज्ञसंयोगे’ या सूत्राने ‘पती’पासून ‘पत्नी’ हे रूप सिद्ध होते, ते यज्ञाशी संबंध असेल तेव्हाच. याचा एक अर्थ असा की, पत्नी हा शब्द केवळ बायको या अर्थाचा नसून धर्मकार्यातील सहभागिनीचा आहे, आणि तो सन्मानाचाही आहे. दुसरा अर्थ असा की, तो ‘पती’वरून साधलेला आहे आणि ‘पती’ म्हणजे स्वामी. सेनापती आणि सभापती या शब्दांतला तो हाच.

‘भर्ता’ आणि ‘भार्या’ ही जोडी तर अधिकच स्पष्ट बोलते. दोन्ही शब्द ‘भृ’ म्हणजे पोसणे या एकाच धातूचे आहेत, पण एक पोसणारा आणि दुसरी जिला पोसायचे ती. पगार कोणाचा, हे विचारण्याची सोय या जोडीत ठेवलेली नाही.

आता तोलाच्या शब्दाविषयी. ‘यजमानीण’ हा शब्द मराठीत आहे, परंतु तो पाहुण्यांनी किंवा आश्रितांनी वापरायचा आहे. ‘यजमानीणबाईंनी आग्रह करून वाढले’ असे आपण म्हणतो. ‘आमच्या यजमानीण बँकेत आहेत’ असे सांगणारा नवरा मला अजून भेटलेला नाही. तो ‘माझी बायको’ म्हणतो किंवा ‘मिसेस’ म्हणतो. त्याची बायको मात्र ‘आमचे यजमान’ किंवा ‘आमचे मिस्टर’ असा आदरार्थी बहुवचनाचा थाट करते. तिच्या ‘आमचे’समोर त्याचे ‘माझी’ ठेवून पाहावे; वेगळ्या पुराव्याची गरज नाही. जुन्या पुण्यात पुरुष बायकोला ‘आमचे कुटुंब’ किंवा ‘मंडळी’ म्हणत, त्यात आदर होता असे मानले, तरी एका बाईचा उल्लेख टाळून समूहाचा करायचा, हा त्यामागचा संकोच लपत नाही.

संकोच दोन्हीकडे होता, हेही नोंदवले पाहिजे. रमाबाई रानडे यांनी 1910 साली प्रसिद्ध झालेल्या आठवणींमध्ये न्यायमूर्तींचा उल्लेख ‘स्वतः’ असा केला आहे. नाव घ्यायचे नाही, नातेही उच्चारायचे नाही. मग उरते ते सर्वनाम, आणि ‘स्वतः’ म्हणजे कोण हे घरातल्या सर्वांना ठाऊक. घरात ‘स्वतः’ एकच असू शकतो, ही गोष्ट इतक्या सहजपणे सांगणारा दुसरा शब्द मला आठवत नाही.

ग्रामीण बोलीतली ‘कारभारी-कारभारीण’ ही जोडी वरवर पाहता अधिक समतोल वाटते. मात्र ‘-ईण’ या प्रत्ययाचा भरवसा धरू नये. ‘मास्तरीण’ ही शिकवणारीही असते आणि मास्तरांची बायकोही असते. ‘पाटलीण’ बहुधा पाटलाची बायकोच असते. त्यामुळे कारभारीण स्वतः कारभार पाहते की कारभाऱ्याच्या घरात राहते, हे शब्दावरून नव्हे, तिजोरीच्या किल्लीवरून ठरते. एवढी शंका वगळली, तर नवरा-बायको दोघांनीही एकमेकांना उद्देशून वापरलेली तोलाची जोडी म्हणून मी हिचेच नाव घेईन. ‘जोडीदार’ त्याहून सोपा आहे, कारण त्याला लिंगभेदच नाही. ‘सहचर’ निर्दोष आहे, पण निमंत्रणपत्रिकेच्या बाहेर तो जगत नाही.

राहिला दारातल्या उत्तराचा प्रश्न. अध्यक्ष, मंत्री, न्यायाधीश हे शब्द आज स्त्रियांसाठीही प्रत्यय न लावता वापरले जातात, आणि ‘त्या या संस्थेच्या अध्यक्ष आहेत’ हे वाक्य कोणाला खटकत नाही. त्याच न्यायाने ‘मीच या घराची यजमान’ हे वाक्य शुद्ध आहे. शिधापत्रिकेपुरता तर कायदाही आपल्या बाजूने आहे : 2013 च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्यानुसार घरातील अठरा वर्षे पूर्ण झालेली सर्वांत मोठी स्त्री हीच कुटुंबप्रमुख धरली जाते. ‘यजमानीण’ असे उत्तर मात्र देऊ नये, कारण समोरचा माणूस ‘बरं, मग यजमान कधी येतील?’ असे विचारण्याची दाट शक्यता आहे.