वडिलांना ग्लिसन ६ चा प्रोस्टेट कॅन्सर आहे, डॉक्टर नुसतं लक्ष ठेवू म्हणतात. दरवर्षी एमआरआय पुरे, की पीएसएमए पेट स्कॅन करून घ्यावा?

पेट स्कॅन, म्हणजे प्रोस्टेट कॅन्सर अंगात कुठे पसरलाय ते चमकवून दाखवणारा स्कॅन, नको. एवढंच लिहून थांबणार होतो, पण प्रश्न वाचला आणि माझे मेव्हणे आठवले.

मीही ग्लिसन ६ वालाच, म्हणजे कॅन्सरचा सगळ्यात सौम्य दर्जा. बायोप्सीचा रिपोर्ट कळला तसे मेव्हणे म्हणाले, "कॅन्सर कोणी सांभाळत बसतं का? काढून टाका." पीएसए (प्रोस्टेटची रक्ततपासणी) दहाच्या आत, एमआरआयवर पायरॅड्स ३ (पाचपैकी मधली, संशयाची पायरी), घाई नाही, असं युरोलॉजिस्टने समजावलं. मेव्हण्यांना वाटलं, मी पैसे वाचवतोय. त्यांनी हिला घाबरवलं, हिने मुलाला, आणि पेट झालाच. प्रोस्टेटमध्ये नवं काही नाही, पण बरगडीवर ठिपका! मेव्हण्यांनी तेवढ्यात "हाडात गेलाय" म्हणून नातेवाइकांत कळवूनही टाकलं. मग सीटी, मग पुन्हा वाट बघणं. निघालं काय, तर मी स्कूटरवरून पडलो होतो तेव्हाचं भरत आलेलं फ्रॅक्चर. पीएसएमए तिथेही चमकतं. कमी जोखमीच्या माणसाला हा स्कॅन बहुधा असलीच भुतं दाखवतो.

मेव्हणे अजून ब्रिटनच्या प्रोटेक्ट अभ्यासातला आकडा तोंडावर फेकतात: १५ वर्षांत नुसतं लक्ष ठेवलेल्यांपैकी ९.४ टक्के लोकांत आजार पसरला, ऑपरेशनवाल्यांत ४.७. खरं आहे. पण प्रोस्टेट कॅन्सरने गेलेले लक्ष, ऑपरेशन, रेडिएशन अशा तिन्ही गटांत ३ टक्क्यांच्या आसपासच, हे ते सांगत नाहीत. शिवाय त्या लोकांवर लक्ष ठेवलं ते मुख्यतः पीएसएवर, आजच्यासारखा एमआरआय नव्हता. आणि सगळे कमी जोखमीचेही नव्हते. ऑपरेशननंतर लघवी गळून पॅड लावून फिरावं लागलं तर ते मेव्हण्यांना थोडंच लागणार आहे?

तुमच्या एमआरआयचं: दरवर्षी लागेलच असं नाही, ते पीएसएच्या चढावर ठरतं. शक्यतो त्याच सेंटरला करा, जुनी सीडी न्या. आधीच्या चित्राशी ताडून बघणारा, प्रोस्टेट रोज वाचणारा रेडिओलॉजिस्ट मिळाला तर मशीनच्या जाहिराती विसरा. नुकतीच बायोप्सी झाली असेल तर सहा-आठ आठवडे जाऊ द्या, साकळलेलं रक्त फसवतं. एमआरआय स्वच्छ आला तरी ठरलेली बायोप्सी टाळू नका, थोडे कॅन्सर त्यातून निसटतात.

हो, घरात बीआरसीए२ या जनुकाचा (कॅन्सरचा धोका वाढवणारा) दोष असेल तर माझं वरचं सगळं बाजूला ठेवून डॉक्टरांशी वेगळं बोला. आणि वडील फिनास्टेराइड (वाढलेल्या प्रोस्टेटची गोळी) घेत असतील तर तेही सांगा, त्याने पीएसए निम्म्यावर दिसतो.